घोटा बदलायचा की जखडायचा?

नडगीच्या खालच्या टोकाला कॅन्सरची गाठ निघाली आणि डॉक्टर म्हणाले, ‘पाय वाचेल’, की घरच्यांच्या डोळ्यांसमोर गुडघा बदलतात तसा नवा सांधा येतो. घोट्याच्या बाबतीत मात्र पाय वाचवण्याच्या दोन वेगळ्याच वाटा आहेत. एकीत धातूचा सांधा बसवतात, दुसरीत घोटा कायमचा जखडतात. जखडणं म्हणजे नाइलाजाची तडजोड, असा समज असतो. तरुण पेशंटच्या बाबतीत मला तरी तीच वाट जास्त भरवशाची वाटते.

धातूच्या सांध्याला हाड जुळून यायची वाट पाहावी लागत नाही. पेशंट लवकर उभा राहतो, घोटा थोडाफार हलतो. पण नडगीच्या खालच्या भागावर बोट ठेवून बघा, कातडीखाली लगेच हाड लागतं. मांडीत इम्प्लांट झाकायला भरपूर स्नायू असतात, इथे नाहीत. जखम चिघळली की जंतू धातूपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. शिवाय हा सांधा खाली टेकतो तो टॅलस या छोट्याशा हाडावर. ते खचतं, सांधा सैल होतो आणि पुन्हा ऑपरेशनची पाळी येते.

घोटा जखडताना, गाठीसकट हाडाचा तुकडा काढल्यावर उरलेली मधली पोकळी हाडाने भरावी लागते. कधी नडगीशेजारचं बारीक हाड मध्ये सरकवतात, तर कधी चक्क काढलेलंच हाड परत बसवतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही हे करतात. पेशंट टेबलावर भुलीतच असतो. काढलेला तुकडा साफ करून, निर्जंतुक वेष्टनात गुंडाळून रेडिएशनच्या मशीनकडे नेतात आणि एकाच वेळी साधारण ५० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं एकक) डोस देतात. एवढा डोस एका दमात जिवंत पायाला देता येणार नाही. कॅन्सरच्या पेशी मरतात, हाडाच्याही मरतात. उरतो तो सांगाडा, पण मापाला तंतोतंत. तो प्लेटने किंवा तळपायातून वर घातलेल्या रॉडने पक्का करतात. मग कित्येक महिने पायावर पूर्ण भार नाही. केमो चालू असेल तर हाड जुळायला आणखी उशीर. मेलेलं हाड मोडू शकतं, न जुळल्यास पुन्हा हाड भरावं लागतं. एकदा जुळलं, की मात्र झिजणारा सांधाच उरत नाही.

आणि चालणं? पाऊल काटकोनात जखडलेलं असलं तरी पुढचे छोटे सांधे थोडं वाकतात, त्यामुळे सपाट रस्त्यावर चाल बरीच सुधारते. टॅलसखालचा सांधा मोकळा राहिला तर खडबडीत जमिनीवर सोपं जातं. तळपायातून रॉड घातला की तोही जखडतो. मांडी घालता येते, कारण ते काम गुडघ्याचं आणि खुब्याचं. उकिडवं बसणं मात्र अवघड, तेव्हा घरात कमोड लागेलच. अर्थात धातूच्या सांध्यावरही उकिडवं बसण्याची आशा धरू नये.

आजार पसरलेला आहे आणि हाड जुळेपर्यंत थांबायला वेळ नाही, अशा पेशंटला धातूचा सांधा सोयीचा. गाठीने मुख्य नसा आणि रक्तवाहिन्या वेढल्या असतील तर या दोन्ही वाटा बंद होऊ शकतात. तेव्हा गुडघ्याखालून पाय काढून कृत्रिम पाय लावणं, हाच सुरक्षित उपाय ठरतो.