बेळगावात दहावीची कविता अशी का शिकवतात? जरा मागचा इतिहास

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी हायस्कुलात कविता कशी शिकवतात ते इकडं शिकलेल्या कुणालाही विचारा, उत्तर साधारण एकच येईल. सर किंवा बाई कविता चालीवर म्हणतात, मग कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर, मग सरळ अर्थ, मग स्वाध्याय, आणि उद्या येताना एवढ्या ओळी पाठ करून या. निबंधाचं पण तसंच, प्रस्तावना, विषयविस्तार, उपसंहार अशी हेडिंगं टाकायची आणि मधे भरायचं. ज्यांची भाचरं कोल्हापूरला शिकतात ते पालक मग विचारतात की तिकडची पोरं कवितेचं रसग्रहण लिहितात, आमची का नाही? सगळं शिक्षकावर ढकलणं सोपं आहे. पण ही पद्धत काय आत्ताच्या सरांनी काढलेली नाही, त्यासाठी बरंच मागं जायला लागतंय.

बेळगाव आता कर्नाटकात आहे, पण इंग्रजांच्या काळात ते मुंबई इलाख्यात होतं. शहरातलं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, म्हणजे छापील मराठी इथं लवकर पोचली होती. शाळेत कविता पुस्तकातून शिकवायची सोय झाली ती मुख्यतः परशुरामपंत तात्या गोडबोल्यांच्या 'नवनीत'मुळं, १८५४ साली आलेला जुन्या मराठी कवितांचा संग्रह, पुढं कितीतरी वर्षं शाळांतून चालला. गोडबोल्यांनी वृत्तांवरही पुस्तक लिहिलं. त्यामुळं कविता म्हणजे आधी वृत्त ओळखा, मग अन्वय लावा (म्हणजे शब्द गद्यासारख्या सरळ क्रमानं मांडा), मग अर्थ सांगा, हा क्रम बसला. संस्कृत पाठशाळेतली पद्धत होती ती, मराठीला जशीच्या तशी लावली. तिच्यावर इंग्रजी परीक्षापद्धतीचा एक थर चढला, 'संदर्भासह स्पष्टीकरण'. ओळ दिलेली असते, कुठल्या कवितेतली, कवी कोण, कोण कुणाला म्हणतो आणि का म्हणतो ते लिहायचं. हा प्रश्न कर्नाटकाच्या पेपरात अजून जिवंत आहे!

फरक कुठं पडतो ते एकाच अभंगावर बघू. 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें.' अन्वयवाला मास्तर म्हणणार, वृक्षवल्ली आणि वनचरे ही आम्हाला सोयरी आहेत, झालं. संदर्भवाला म्हणणार, ही ओळ संत तुकारामांच्या अभंगातली आहे, यात त्यांचं निसर्गप्रेम दिसतं, दोन मार्क. आता जरा पुढची ओळ घ्या, 'येणें सुखें रुचे एकांताचा वास'. एवढी सोयरी भोवती जमवलेला माणूस लगेच एकांत आवडतो म्हणतोय, हे कसं काय? हा प्रश्न वर्गात टाकला की मागच्या बाकावरचा पण काहीतरी बोलतो. कुणी म्हणेल झाडं बोलत नाहीत म्हणून तो एकांतच, कुणी म्हणेल माणसांच्या सोयऱ्यांना तो कंटाळला असेल, आणि दुसऱ्याला 'नाहीं गुण दोष अंगा येत' ही त्याच्या पुढची ओळ आधाराला सापडते पण. कवितेचं विश्लेषण म्हणजे एवढंच, आपल्याला काय वाटलं ते सांगायचं आणि कुठल्या ओळीमुळं वाटलं ते दाखवायचं. निबंधाची निम्मी तयारी यातच होऊन जाते.

ही वाचायची तऱ्हा आपल्याकडं उशिरा आली. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता द्यायचे आणि काय समजलं ते लिहून घ्यायचे, त्यावरचं त्यांचं पुस्तक १९२९ चं. मराठीत कवी आणि समीक्षक बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यविचाराची वेगळी चर्चा उभी केली. पण हे सगळं एम.ए.च्या वर्गात. मराठी एम.ए.ला आली तीच मुळात १९०१ साली, न्यायमूर्ती रानड्यांनी खटपट केली तेव्हा. शाळेपर्यंत झिरपायला आणखी किती वेळ लागणार!

निबंधाची गोष्ट जरा वेगळी. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ ला सुरू झाली आणि तिथला निबंध म्हणजे भांडण होतं, मत होतं, समोरच्याला उत्तर होतं. शाळेत येईपर्यंत त्यातलं भांडण गेलं आणि फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त राहिलं. तरी स्वातंत्र्याच्या आधीच्या काळात मुंबई इलाख्यात वाचनमाला बदलत होत्या, आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग वाचनमाले'नं पोरांच्या तोंडची भाषा पुस्तकात आणली, आणि हा वारा बेळगावलाही लागत होता कारण परीक्षा एक, इलाखा एक.

शहराची हवा पण तशीच होती. मराठी साहित्य संमेलन इथं १९२९ ला शि. म. परांजप्यांच्या अध्यक्षतेखाली झालं, १९४६ ला लेखक-पत्रकार ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना झालं आणि त्यातच संयुक्त महाराष्ट्राची मागणी पुढं आली. पु. ल. काही काळ इथल्या कॉलेजात शिकवून गेले. आणि इंदिरा संत, जन्म विजापूर जिल्ह्यातल्या इंडीचा, पण आयुष्य बेळगावात, इथल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवलं, पुढं प्राचार्य झाल्या. म्हणजे मराठीतली एक मोठी कवयित्री शाळामास्तर घडवायच्या कामावर होती. कुठल्या गावाला एवढं नशीब मिळतं?

मग १ नोव्हेंबर १९५६. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. बाकीच्या गोष्टींवर भरपूर लिहिलं गेलंय, शाळेच्या पुस्तकाचं काय झालं यावर कमी. महाराष्ट्रात १९६७ ला शाळेची पुस्तकं काढणारी बालभारती निघाली, इकडं १९६६ पासून कर्नाटकाचं माध्यमिक परीक्षा मंडळ. आता मराठीचं पुस्तक बेंगळूरूहून येतं, पेपरचा साचा सगळ्या प्रथम भाषांना साधारण सारखा, म्हणजे कन्नडच्या पेपरात जसं पद्य पूर्ण करा, सारांश लिहा, म्हणीचा विस्तार करा, तसंच मराठीत. साचा वाईट आहे असं नाही, कन्नड शाळांत त्याच साच्यातून उत्तम वाचणारी पोरं निघतात, आणि बेंद्र्यांसारखा मराठी घरात जन्मलेला कवी कन्नडचा ज्ञानपीठ विजेता होतो हे पण याच भागातलं. पण महाराष्ट्रात प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे मुद्दे आले, ते इकडं आलं नाही. कोल्हापूरहून आणलेलं गाईड इथं निम्मं कामाचं नसतं, कविताच वेगळ्या! (तसं ते तीन मुद्दे पण आता तिकडं पाठ करूनच लिहितात, असं तिकडचे शिक्षकच सांगतात.)

माझ्या मते खरा परिणाम केला तो भाषेच्या राजकारणानं. कर्नाटक सरकारनं नेमलेल्या गोकाक समितीनं कन्नड हीच हायस्कुलात एकमेव प्रथम भाषा असावी म्हटलं, १९८२ ला त्यावरून कर्नाटकात मोठं आंदोलन पेटलं, मग सीमाभागात कन्नड सक्तीच्या विरोधात १ जून १९८६ चं आंदोलन, त्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक हिंडलग्याला आहे. या काळात मराठी शाळा चालू राहणं हाच विषय होता. भाषाच जाते की काय अशी भीती असताना पोराला 'ही कविता तुला का पटली नाही ते लिही' असं कोण सांगणार? चालीवर म्हणणं, तोंडपाठ असणं, सुंदर अक्षर, याला मान आला. निबंधातही 'माझी मायबोली'वर भरभरून लिहायचं, शंका काढायची नाही. हे समजण्यासारखं आहे पण त्याची किंमत पोरांनी मोजली हे पण खरंय.

त्यात घरची बोली. 'काय करायलास', 'येतो की रे', कन्नडचा हेल, हे निबंधात उतरलं की लाल शाई. म्हणून पोरगं स्वतःचं वाक्य लिहायलाच बिचकतं, गाईडमधलं उचलतं, तिथं चूक निघत नाही ना.

शाळेबाहेर मात्र दुसरंच चित्र. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांत गावकरी वर्गणी काढून साहित्य संमेलनं भरवतात, ग्रंथदिंडी निघते, कविसंमेलन होतं, पोरं बसून ऐकतात. कुठली ओळ आवडली नाही हे घरी जाताना मोकळेपणानं बोलतात, वर्गात बोलत नाहीत.

आत्ताच्या एसएसएलसीत, म्हणजे कर्नाटकाच्या दहावीच्या परीक्षेत, प्रथम भाषा १२५ मार्कांची, १०० लेखी आणि २५ अंतर्गत. लेखीचा साचा बेंगळूरूत ठरतो, ते २५ शाळेच्या हातात. बऱ्याच ठिकाणी त्यात कवीचा फोटो चिकटवलेली प्रोजेक्ट वही मागतात. काही शिक्षक मात्र त्याच मार्कांत न शिकवलेली कविता देऊन पानभर मत लिहून घेतात, बोलीत लिहिलं तरी मार्क कापत नाहीत, आणि यासाठी वरून कुठला जीआर यायची वाट बघायला लागत नाही.