शरीरघटनेचे मापन : लोकसमूहांनुसार पडणारा फरक

शरीराच्या वजनात चरबी किती आणि स्नायू, हाडे, पाणी असा चरबीविरहित भाग किती, हे ठरवणे म्हणजे शरीरघटनेचे मापन. जिवंत माणसाची चरबी काढून तोलता येत नाही. त्यामुळे दुसरेच काही मोजून सूत्राने अंदाज बांधतात, आणि ज्या लोकांवरून सूत्र बसवले त्यांच्याबाहेर ते चुकू लागते.

सर्वांत रुळलेला बॉडी मास इंडेक्स (बीएमआय) म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागणे. तो चरबी मोजतच नाही. याचा बोलका दाखला पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय 22.3 होता; डेक्सा (क्ष-किरणांनी चरबी मोजणाऱ्या) तपासणीत मात्र युडकिन यांची चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के निघाली. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांची चित्रे शेजारी-शेजारी छापली गेली.

हा फरक केवळ बैठ्या कामाचा म्हणावा, तर तो जन्मतःच दिसतो. पुण्याजवळच्या खेड्यांतील बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. आपल्याकडच्या बाळांचे स्नायू बरेच कमी, पण पाठीवर खांद्याच्या फऱ्याखालची चरबी त्या मानाने राखलेली. पॉलिनेशियन लोकांत उलटे आढळते : बीएमआय तेवढाच, चरबी कमी.

पाण्याखाली वजन करण्याची जुनी पद्धतही यातून सुटत नाही. तीत शरीराची घनता मिळते आणि सूत्राने तिच्यावरून चरबी काढतात. सिरी या संशोधकाचे 1961चे सूत्र चरबीविरहित भागाची घनता सर्वांत 1.1 (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) धरते; हाडे अधिक घन असतील, तर चरबी कमी दिसते. चिमट्याने त्वचेची घडी मोजून काढलेले आकडेही अशाच सूत्रांवर चालतात. व्यायामशाळेतले, तळपायातून सौम्य वीज सोडणारे यंत्र विजेला होणारा रोध मोजते. त्यामुळे धडाच्या मानाने पाय लांब असले तरी उत्तर बदलते. आतले सूत्र कोणावरून बसवले, हे सहसा कोणी विचारत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2004 मध्ये बीएमआयच्या 25 (जादा वजन) आणि 30 (लठ्ठपणा) या सीमा कायम ठेवून आशियाई लोकांसाठी 23 आणि 27.5 हे जादा टप्पे सुचवले. अर्थात ‘आशियाई’ या एका शब्दात जपानी आणि तमिळ दोघांनाही कोंबणे ढोबळच. भारतीय तज्ज्ञांनी 2009 मध्ये 23 पासून जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा मानला. कमरेच्या घेरासाठी पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर ही मर्यादा ठेवली.