तुरटीने गाळ बसतो, जंतू मरतात क्लोरीनने

मागच्या पावसाळ्यात कुही तालुक्यातल्या एका घरी गेलो होतो. मावशींनी गुंडातल्या पाण्यात तुरटीचा खडा चार-पाचदा फिरवला. थोड्या वेळाने पाणी नितळ झालं आणि पेला माझ्या हाती आला. ‘प्या जी, तुरटी फिरवली न.’ आठच दिवसांआधी त्यांची नात गॅस्ट्रोने सलाइनवर होती. तेव्हाही तुरटी फिरवलेलीच होती.

तुरटी पाण्यात विरघळली की कापसासारखे बारीक पुंजके धरतात. मातीचे कण त्यांना चिकटून जड होतात नि तळाशी बसतात. काही जंतूही त्यांच्यासोबत खाली जातात, पण मरत नाहीत. गुंड हलला की परत वर येतात. बाकीचे तर वरच्या नितळ पाण्यातच असतात.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, गाळ बसवत नाही. तिच्यातला क्लोरीन जंतू मारतो. मात्र पाणी गढूळ असलं तर तो घाणीवरच खर्च होतो. म्हणून आधी तुरटी, मग वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात, मग क्लोरीन, आणि निदान अर्धा तास थांबायचं. घरी टीसीएल अंदाजाने टाकू नये. क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या सांगितलेल्या प्रमाणातच वापराव्या. नसतील तर पाणी उकळावं.

आपल्या नागपूरच्या नीरीने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, पाण्यातलं फ्लोराइड काढायला नलगोंडा पद्धत शोधली. तिच्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर, तिन्ही लागतात. फ्लोराइड तुरटीच्या गाळासोबत बसतं. एवढी तुरटी टाकूनही जंतूंसाठी पावडर टाकावीच लागते, हे मला फार बोलकं वाटतं.

गावाच्या टाकीचं दुखणं वेगळं. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो, पण तोंड उघडं ठेवलेली पिशवी दमट खोलीत पडली की तो उडून जातो. मी पाहिलेल्या एका पिशवीत ढेकळं झाली होती, वासही उरला नव्हता. रजिस्टरवर मात्र रोजची नोंद होती.

खरं काय ते ओटी टेस्ट सांगते. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे; पिवळं झालं तर क्लोरीन आहे. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला हवा. आणि हे पाणी टाकीखालच्या नळाचं घेऊन चालत नाही. पाइप जिथे संपतो, नालीला लागून, त्या शेवटच्या घरच्या नळाचं घ्या.