मुरमांवरची जोड-जेल: पार्श्वभूमी

मुरमांवर लावायच्या अँटिबायोटिकला जिवाणू दाद देईनासे झाल्याचं १९७० च्या दशकाच्या अखेरीस दिसू लागलं आणि जोडऔषधांची गरज तिथून वाढली. बेन्झॉइल पेरॉक्साइड (पुढे बीपीओ) या जिवाणू मारणाऱ्या औषधाला प्रतिकार करणारे जिवाणू आजवर आढळलेले नाहीत, म्हणून जोडीला तेच निवडलं गेलं. ३% एरिथ्रोमायसिन (एक अँटिबायोटिक) आणि ५% बीपीओ असलेलं जेल अमेरिकेत १९८४ मध्ये आलं. ते औषध-दुकानदाराने मिसळून द्यायचं, रुग्णाने फ्रिजमध्ये ठेवायचं आणि तीन महिन्यांत संपवायचं. क्लिंडामायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची बीपीओशी जोड २००० मध्ये आली.

रोमछिद्रं मोकळी ठेवणाऱ्या रेटिनॉइड औषधांची (ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलीन) बीपीओशी जोड मात्र रखडली. बीपीओ आणि उजेड एकत्र आले की ट्रेटिनॉइनचं साधं जेल दोन तासांत निम्म्याहून अधिक निकामी होतं. अ‍ॅडापलीन टिकतं, म्हणून अमेरिकेत २००८ मध्ये ०.१% अ‍ॅडापलीन आणि २.५% बीपीओ एका ट्यूबमध्ये आले. ट्रेटिनॉइनसाठी २०२१ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी आलेल्या जोडऔषधात ट्रेटिनॉइन आणि बीपीओ सिलिकाच्या सूक्ष्म कवचात वेगवेगळे ठेवलेले असतात. क्लिंडामायसिन, अ‍ॅडापलीन आणि बीपीओ एकत्र असलेलं जेल २०२३ चं.

आपल्याकडे सर्रास दिली जाणारी ट्यूब मात्र वेगळी आहे: १% क्लिंडामायसिन आणि ०.१% अ‍ॅडापलीन, बीपीओ नाही. ही निवड का रुजली याला कारणं आहेत. बीपीओने त्वचा कोरडी पडते, जळजळते, आणि सावळ्या त्वचेवर जळजळीमागून काळे डाग राहतात. उशीचे अभ्रे, टॉवेल यांचा रंग उडतो तो वेगळाच. तरीही जिवाणूंचा प्रतिकार रोखण्याचा मूळ हेतू इथे निसटतो. अ‍ॅडापलीन रोमछिद्रं मोकळी ठेवतं, पण जिवाणू मारत नाही, त्यामुळे क्लिंडामायसिन एकटंच लढतं. क्लिंडामायसिन-निकोटिनामाइड जेललाही हाच आक्षेप लागू पडतो.

दुसरी अडचण मुदतीची. अँटिबायोटिक साधारण १२ आठवड्यांत थांबवायचं असतं, तर अ‍ॅडापलीन मुरूम पुन्हा उठू नयेत म्हणून पुढेही चालू ठेवायचं असतं. एकाच ट्यूबमध्ये दोन्ही असले की एक बंद, एक चालू असं करता येत नाही. रुग्ण तीच ट्यूब चिठ्ठीशिवाय पुन्हा आणतो, आणि क्लिंडामायसिन महिनोन्‌महिने चेहऱ्यावर राहतं. हे टाळायला बारा आठवड्यांनी नुसत्या अ‍ॅडापलीनवर यावं, आणि त्याआधी सकाळी २.५% बीपीओ वेगळं लावावं. सुरुवात एक दिवसाआड, धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या चेहऱ्यावर. क्लिंडामायसिन-अ‍ॅडापलीनचं जेल रात्री, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला मिळून. फक्त पुळीवर टिपून लावलं तर नवे मुरूम थांबत नाहीत. गरोदरपणात अ‍ॅडापलीन वापरू नये.

बीपीओबद्दलची ताजी शंका बेन्झीन या कर्करोगकारक रसायनाची: उष्णतेत बीपीओपासून ते तयार होऊ शकतं, हे २०२४ मध्ये चर्चेत आलं आणि २०२५ मध्ये अमेरिकेत मोजकी उत्पादनं परत मागवली गेली. विदर्भातल्या उन्हाळ्यात बीपीओची ट्यूब गाडीत किंवा खिडकीत ठेवू नये, मुदत उलटली की टाकून द्यावी.