मनगट मागे असताना बोटं ताणू नका

मानेच्या मणक्याला मार बसलेला माणूस पुण्यातल्या इस्पितळातून घरी आला, की भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "फिजिओ लावलाय ना?" लावलेला असतोच. ऑक्युपेशनल थेरपिस्टचं मात्र कुणी विचारत नाही. मराठीत त्याला 'व्यवसायोपचार' म्हणतात, त्यामुळे हा नोकरी लावून देणारा असावा असंही काहींना वाटतं. त्याचा खरा विषय म्हणजे दात घासणं, जेवणं, सदऱ्याची बटणं. या दोघांचं जिथे जुळावंच लागतं, ती जागा म्हणजे मनगट.

आधी स्वतःचा हात बघा. कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरा आणि मनगट सैल सोडून पुढे पडू द्या. बोटं उघडतात. आता फक्त मनगट मागे वळवा. बोटं आपोआप तळव्याकडे मिटतात आणि अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकतो. बोटं मिटवणारे स्नायू कोपरापासून निघतात, त्यांच्या कंडरा, म्हणजे दोर, मनगटावरून बोटांच्या टोकापर्यंत जातात. मनगट मागे गेलं की दोराची वाट लांबते, दोर तेवढाच राहतो, म्हणून तो बोटं ओढतो. याला टेनोडेसिस म्हणतात.

आता सी-६ पातळीची इजा घ्या. म्हणजे मानेतल्या मज्जारज्जूची सहावी पातळी शाबूत, त्याखालचं बंद. मनगट मागे उचलणारे स्नायू सी-६ वर चालतात, बोटं मिटवणारे मुख्यतः सी-८ वर. बोटांत जीव नाही, मनगटात आहे. तरीही हा माणूस मनगट उचलून किल्ली, चमचा, चपातीचा तुकडा धरू शकतो. अट एकच, दोर थोडे आखूड राहिले पाहिजेत.

गडबड इथेच होते. बोटं आखडू नयेत म्हणून घरातलं कुणीतरी प्रेमाने तेल लावून मनगट आणि बोटं एकदमच मागे ताणतं. 'नसा मोकळ्या करून देतो' म्हणणारे मालिशवाले तर हे जोर लावून करतात आणि वर पैसे घेतात. असं करून दोर सैल पडले, की मनगट कितीही उचललं तरी बोटं मिटत नाहीत. नियम असा: मनगट मागे असेल तर बोटं मिटलेली ठेवा, बोटं सरळ करायची तर मनगट पुढे झुकवा. सांधे मात्र ताठू द्यायचे नाहीत, म्हणून हे दोन्ही रोज करायचं.

फिजिओथेरपिस्ट खाटेवरून व्हीलचेअरवर सरकायला शिकवतो, तेव्हाही हाच नियम. ट्रायसेप्स, म्हणजे कोपर सरळ करणारा स्नायू, सी-७ चा, म्हणजे बंद. म्हणून खांदा बाहेर फिरवून कोपर 'लॉक' करून हातावर भार घ्यायचा असतो. त्या वेळी तळवा सपाट पसरला तर दोर ताणले जातात. बोटं मिटवूनच टेकायचं. खोकलाही फिजिओथेरपिस्टच्याच वाट्याला येतो: पोटाचे स्नायू बंद असल्याने खोकल्याला जोर नसतो, तेव्हा पोटावर नेमक्या क्षणी दाब द्यावा लागतो. गिळताना ठसका लागत असेल तर स्पीच थेरपिस्ट; बोलण्यापुरता तो नसतो.

मनगट दुबळं असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारा साचा, बनवतो. साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात प्लॅस्टिकची पट्टी मऊ करून, पुसून, हातावरच आकार द्यायचा. करंगळीकडच्या बाजूला संवेदना नसते, टोचलेलं कळत नाही. पहिल्यांदा २०-३० मिनिटं घालून काढा आणि कातडी बघा. लाली तेवढ्याच वेळात गेली नाही, तर स्प्लिंट परत गरम पाण्यात.