आधी जेवण, मग किराणा

अमेरिकेतही पूर्वी किराणा आपल्या वाण्याकडे मिळतो तसाच मिळायचा. गिऱ्हाईक यादी सांगणार, दुकानदार माल काढून देणार. १९१६ साली मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिगली विगली’ हे दुकान उघडलं आणि माल थेट गिऱ्हाइकाच्या हाताशी आणला. आत शिरायला फिरतं फाटक, पुढे एकच ठरलेली वाट. नुसतं मीठ हवं असलं तरी सगळ्या फळ्यांसमोरून जायचं! यादीत नसलेली वस्तू टोपलीत येते ती अशी, समोर दिसली म्हणून.

त्यात पोट रिकामं असेल तर मोह आणखी वाढतो. जठरात तयार होणारं घ्रेलिन हे संप्रेरक जेवणाआधी रक्तात वाढतं आणि जेवल्यावर उतरतं. मेंदूतल्या भुकेच्या केंद्रांबरोबरच ते ओढ लावणाऱ्या भागांनाही चेतवतं, त्यामुळे खाण्याचं नुसतं चित्रही जास्त खुणावतं.

याच्या पुराव्यादाखल कॉर्नेल विद्यापीठातला २०१३ चा एक अभ्यास सांगितला जायचा. तो २०१८ मध्ये मागे घेण्यात आला, तेव्हा त्याचा आधार नकोच. मला १९९८ चा अ‍ॅमस्टरडॅममधला प्रयोग जास्त बोलका वाटतो. कचेरीतल्या लोकांना पुढच्या आठवड्यात कोणता खाऊ हवा, ते आधीच निवडायला सांगितलं होतं. विचारताना जे भुकेले होते, त्यांनी फळांऐवजी चॉकलेट-चिप्ससारखे पदार्थ जास्त निवडले. आठवड्यानंतरचा खाऊसुद्धा आत्ताची भूक ठरवत होती. महिन्याचा किराणा भरताना आपणही पुढच्याच दिवसांचं खाणं ठरवत असतो. म्हणून यादी घरी, जेवण झाल्यावर, डबे उघडून बघत करावी.

इंग्लंडने ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांत जास्त साखर, मीठ, चरबीचे अनेक पदार्थ दाराशी, फळ्यांच्या रांगांच्या टोकाला आणि पैसे भरण्याच्या जागी मांडायला मनाई केली. आपल्याकडेही हे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. लहान मूल गल्ल्याशी रांगेत ताटकळत असताना त्याच्या डोळ्यांसमोर गोळ्या-चॉकलेटं टांगणं हा अन्यायच आहे.

पुडा हातात घेतलाच, तर पुढच्या बाजूचं ‘मल्टिग्रेन’ सोडून मागची घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. पहिलं नाव मैद्याचं असेल तर त्यात मैदाच सर्वांत जास्त. दोन पुड्यांतलं साखर-मीठ ताडताना दोन्हींवरचा १०० ग्रॅमचा रकाना पाहावा, कारण ‘एका वेळचं प्रमाण’ प्रत्येक पुड्यावर वेगळं असू शकतं.