प्राचलयुक्त मॅपिंगची आयात

एका डेटा-एकात्मन साधनात (निरनिराळ्या ठिकाणचा डेटा एकत्र आणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) रचलेले मॅपिंग त्यातील प्राचलांसह दुसऱ्या साधनात उतरवण्याची क्रिया. स्रोतातील कोणता स्तंभ, काय संस्कार होऊन, लक्ष्यातील कोणत्या स्तंभात जाईल याचा आराखडा म्हणजे मॅपिंग. त्यात नाव तेवढे लिहून ठेवायचे आणि किंमत चालवतेवेळी पुरवायची, ते प्राचल. गुजराती परिभाषेतही हाच शब्द आहे. कामाच्या बोलण्यात मात्र ‘पॅरामीटर’च म्हणतात.

प्राचलाची खूण साधनागणिक निराळी. इन्फॉर्मॅटिका पॉवरसेंटरमध्ये नावाआधी दोन डॉलरचिन्हे, डेटास्टेजमध्ये नावाच्या दोन्ही बाजूंना हॅश, टॅलेंडमध्ये ‘कॉन्टेक्स्ट’ आणि टिंब. साधनांमधली देवाणघेवाण सोपी व्हावी म्हणून ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या मानके ठरवणाऱ्या संस्थेने केलेले ‘कॉमन वेअरहाउस मेटामॉडेल’ हे सामायिक मानक २००१ च्या सुमाराचे. व्यवहारात मात्र ज्याचा त्याचा साचाच टिकला.

पॉवरसेंटरमधून मॅपिंग एक्सएमएल (खुणांनी बांधलेल्या मजकुराची) फाइल होऊन बाहेर पडते. तीत प्राचलाचे नाव, प्रकार व आरंभीची किंमत असते. चालू किमतींची पॅरामीटर फाइल सर्व्हरवर वेगळी राहते. ती हाताने न्यावी लागते. बहुतेक घोटाळे येथलेच. त्यातून प्राचल हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या प्रश्नभाषेत) असेल तर तेथे निव्वळ मजकूर बदलला जातो, म्हणून अवतरणचिन्हे आपणच घालावी लागतात. आयात करणाऱ्या साधनाला अशा मजकुरातले प्राचल ओळखता येईलच असे नाही.

पॉवरसेंटरच्या पॅरामीटर फाइलीत नोंद नसेल तर आरंभीची किंमत लागू होते. तीही नसेल तर अंकाला शून्य, अक्षरमालेला (मजकुराच्या किमतीला) रिकामी किंमत आणि तारखेला १ जानेवारी १७५३. या तारखेचे मूळ वादाचे आहे. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या जुन्या ‘डेटटाइम’ प्रकाराची खालची मर्यादा हीच असून ती सायबेस या आधीच्या डेटाबेसकडून आलेली. ब्रिटनने सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर थेट १४ तारीख धरून ग्रेगरियन पंचांग स्वीकारले, त्यामुळे १७५३ हे तेथील पहिले अखंड वर्ष, हा खुलासा सयुक्तिक वाटतो. मात्र कित्येक कॅथलिक देशांनी हा बदल १५८२ मध्येच केला होता, तेव्हा ही सोय ब्रिटिश पंचांगापुरतीच. पॉवरसेंटरने तारीख एसक्यूएल सर्व्हरकडूनच उचलली असावी.

किमतींची जुळणी हा वेगळाच भाग. समजा, ओळी निवडण्यासाठी ठेवलेल्या शाखेच्या प्राचलाची आरंभीची किंमत ‘बरोडा’ आहे आणि नव्या साधनाच्या स्रोतात १९७४ पासूनचे अधिकृत ‘वडोदरा’. आयात बिनचूक होते, लोडही (लक्ष्यात डेटा भरण्याचे कामही) यशस्वी म्हणून नोंदला जातो, ओळी मात्र शून्य. म्हणून आयातीनंतर आधी ओळींची संख्या पाहावी. नावाऐवजी संकेताचे प्राचल ठेवले तर हा प्रसंग टळतो; रेल्वेच्या दफ्तरी वडोदरा जंक्शन आजही ‘बीआरसी’च आहे.